मालक समोर हवा

कुलपात तेल घालू नये, हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं, आणि नेमकं तेच तिला बोलता येत नव्हतं. समोर तिचे काका, म्हणजे आत्याचे यजमान, आजीच्या कपाटापुढे गुडघे टेकून बसले होते आणि शिवणयंत्राच्या तेलाची कुपी कुलपात उपडी करत होते. तेलाला धूळ चिकटते, धुळीचा चिखल होतो आणि कुलपातल्या पट्ट्या एकमेकींना धरून बसतात. जुन्या कुलपाला पेन्सिलीच्या शिशाची चिमूटभर पूड पुरते. पण विमा कंपनीच्या तक्रार विभागात फोन उचलणाऱ्या मुलीला हे ज्ञान कुठून आलं, असं कुणी विचारलं असतं तर? म्हणून धाकटी आजोबांची पुस्तकं खोक्यात भरत होती.

"ताई, सांग त्यांना," बाबा टॉर्च धरून म्हणाले, "नळाचंही असंच झालं होतं. आधी नुसता ठिबकत होता. यांनी हात लावला आणि धो धो वाहायला लागला."

"तुझ्या भावाला सांग," काका कुलपातून नजर न काढता म्हणाले, "टॉर्च कुलपावर धरायचा असतो. माझ्या टकलावर नाही."

गच्चीवरच्या टाकीच्या भांडणापासून हे दोघे मेहुणे एकमेकांशी थेट बोलत नसत. जे काही असेल ते आत्याच्या मार्फत. काकांना नळ, पंखे, आजार, राजकारण आणि दुसऱ्यांची मुलं वाढवणं, सगळं येत होतं. घरात पाठीमागे त्यांना 'सर्वज्ञ' म्हणत, आणि हे नाव ठेवणारे अर्थात बाबाच होते.

आत्याचा जीव मात्र टांगणीला लागला होता. उद्या सकाळी हमाल येणार होते. या दोन खोल्या सोडून आजोबा कायमचे बाबांकडे राहायला जायचे होते. सगळं सामान बांधून झालं होतं, राहिलं होतं फक्त हे कपाट. ते अख्खं जिन्यातून उतरत नव्हतं. सुटं करून न्यायचं तर आधी रिकामं करायला हवं आणि रिकामं करायचं तर उघडायला हवं. आजी गेल्यापासून ते बंद होतं. किल्ली हरवली, असं आजोबा म्हणत. आणि कपाटाचं काय करायचं, असं विचारलं की म्हणत, "राहू दे." आज धाकटीची आई त्यांना कवळी बसवायला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती, तेवढीच काय ती संधी होती.

"अण्णांच्या डोळ्यांदेखत आईचे कपडे बाहेर काढायचे नाहीत मला," आत्या म्हणाली. "ते बघवणार नाही त्यांना. यायच्या आत उरकून टाकू या ना!"

"मग कुलूपवाला बोलाव," बाबा म्हणाले.

"रविवारी कोण येतोय? आणि घरात कुलूपवाली उभी असताना बाहेरचा कशाला..."

वाक्य तिथेच तुटलं. आत्याने जीभ चावली, पण बाण सुटला होता.

"कोण कुलूपवाली?" बाबांनी विचारलं.

आत्या काहीतरी थाप मारायच्या बेतात होती, हे धाकटीला दिसलं. थाप वाईट मारायची ती, आणि मग ती सांभाळायला आणखी दोन मारायची. धाकटीने हातातलं पुस्तक खोक्यात ठेवलं.

"मी," ती म्हणाली. "मी कुलपांचं काम शिकतेय, बाबा. बाजारामागच्या गल्लीत, उस्तादांच्या दुकानात."

"सुट्टीच्या दिवशी?"

"रोज. नोकरी सोडली मी."

"सोडली म्हणजे सोडणार आहेस?"

"सोडली."

बाबांनी टॉर्च बंद केला. मग अंथरुणाच्या गाठोड्यावर बसले, कारण खुर्च्या आधीच बांधून झाल्या होत्या. "म्हणजे रोज सकाळी डबा घेऊन, पिशवी खांद्याला लावून, 'येते हं' म्हणून जी निघत होतीस..."

"दुकानात जात होते."

काकांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरत गेलं त्याला चिंता म्हणता आलं नसतं. मेहुण्याची मुलगी मोठ्या कंपनीत, हे त्यांनी प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक बारशात ऐकलं होतं.

"तुला तिथे लावून घ्यायला मी आमच्या साहेबांसमोर आयुष्यात एकदाच हात पसरला," बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, आणि धाकटीला त्याचीच जास्त भीती वाटली. "नोकरीभर माझ्यासाठी काही मागितलं नाही त्यांच्याकडे. तुझ्यासाठी मागितलं. आता मी त्यांना तोंड कसं दाखवू?"

"बाबा, तिथे मी दिवसभर एकच वाक्य बोलायचे. 'आपली तक्रार नोंदवून घेतली आहे.' एका बाईंनी विचारलं, नोंदवून पुढे काय होतं हो? मला माहीत नव्हतं. वरच्यांना विचारलं तर ते म्हणाले, तू नोंदव. त्या बाई आठवडाभर रोज फोन करत होत्या, आणि मी रोज नोंदवत होते. घरी आले की मला जेवण जायचं नाही."

"आणि कुलपात काय मोठं होतं?"

"उघडतं, नाहीतर उघडत नाही. तिथे खोटं चालत नाही."

"वा!" बाबांनी आत्याकडे पाहिलं. "ऐकलंस? खोटं चालत नाही म्हणे. रोज सकाळी आईबापाच्या डोळ्यांत धूळ फेकून बाहेर पडणारी मुलगी सांगतेय."

बाबांचं बरोबर होतं. उद्या सांगू, उद्या सांगू करत दिवस गेले होते आणि प्रत्येक दिवसागणिक सांगणं जड होत गेलं होतं.

"अरे, पण कशामुळे लपवावं लागलं तिला?" आत्या मध्ये पडली. "तुझ्या या अशा तोंडामुळे! मी किल्ली करून घ्यायला गेले तर ही तिथे कानस घेऊन बसलेली. मीही आधी हबकले. पण हिने केलेली किल्ली पहिल्या फटक्यात लागली रे. आणि आता लपवायचं तरी कशाला? परवा मी तिथे जाणार आहे, हिच्यासाठी जबान द्यायला."

"कसली जबान?"

धाकटीनेच सांगितलं. उस्तादांची रीत होती. शिकाऊ माणसाला ते आधी किल्ल्या घासायला देत, फळीवरच्या निकामी कुलपांवर हात बसवू देत. पण कुलूप उघडायचे तारेचे आकडे त्याच्या हवाली करण्याआधी त्याला लहानपणापासून ओळखणारं घरचं माणूस दुकानात यावं लागे. त्याने उस्तादांसमोर उभं राहून म्हणायचं, हिच्या हातात माझ्या घराची किल्ली मी देईन. एवढंच. कुणी आलं नाही तर शिकणं तिथेच थांबायचं. धाकटीने एकदा मुदत वाढवून घेतली होती. परवाच्या पुढे उस्ताद थांबणार नव्हते.

"म्हणजे माझ्या मुलीची जबान तू देणार," बाबा बहिणीला म्हणाले, "आणि मला पत्ताही नाही."

"तू दिली असतीस?"

"नाही."

"मग?"

बाबा उठले. कपाटापाशी गेले, त्याच्या दारावर हात ठेवला आणि वळले. "ठीक आहे. उघड हे. अण्णा यायच्या आत उघडून दाखव. उघडलंस तर तुझ्या या उद्योगाबद्दल मी पुन्हा अवाक्षर काढणार नाही. शब्द देतो."

बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ते आत्यालाही माहीत होतं. तिचा चेहरा उजळला. "बघ! झालं की नाही! उघड गं राणी."

धाकटीने कुलपाकडे पाहिलं. पितळी तोंडाचं, साधं, जुन्या पद्धतीचं कुलूप होतं. आतल्या पट्ट्या एकेक करून उचलायच्या आणि वाकवलेल्या तारेने बोल्ट सरकवायचा. काकांच्या तेलामुळे थोडा त्रास झाला असता, पण उघडलं असतं. अशी कुलपं तिने फळीवर डोळे मिटून उघडली होती. तिच्या बोटांना आत्ताच ते कळत होतं, जणू खिशातली नाणी चाचपावीत तसं. एवढं केलं की घरातली ही सगळी घुसमट संपली असती. परवा आत्या आली असती आणि बाबा गप्प राहिले असते.

"नाही उघडणार," ती म्हणाली.

"येत नाही?"

"येतं. पण मालक समोर नाहीत. मालक समोर उभा राहून सांगत नाही तोवर कुलपाला हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी उस्तादांनी हेच सांगितलं होतं, बाकी सगळं नंतर."

"मालक!" बाबा हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. "अगं, आजोबा आहेत तुझे."

"आणि कपाट माझ्या आईचं आहे," आत्या म्हणाली. "मी तिची मुलगी. मी सांगतेय ना तुला."

"घर आजोबांचं आहे, आत्या. ते 'राहू दे' म्हणालेत."

"राहू दे म्हणजे काय? दुःखात माणूस काहीही बोलतं! मी काय चोरी करतेय? त्यांना त्रास नको म्हणून तर चाललंय हे."

"मला माहीत आहे गं. तरी पण नाही."

आत्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला. लहानपणापासून धाकटीचे सगळे लाड या बाईने केले होते. मार चुकवायला लपायची जागाही तिच्याच पदराआड होती. "मी तुझं गुपित पोटात ठेवलं," आत्या म्हणाली. "सख्ख्या भावाशी खोटं बोलले. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याकडे काही मागितलं तर तू मला नियम सांगतेस? बरं. परवा माझी वाट बघू नकोस."

आता जबान द्यायला कुणी उरलं नव्हतं. ती खाली बसली आणि पुस्तकं भरू लागली, कारण उभी राहिली असती तर रडली असती.

"सरका," काका म्हणाले. "नियमबियम राहू द्या. माझ्यासमोर कसलं कुलूप टिकतंय!" त्यांनी बायकोच्या केसांतली पिन ओढून काढली, सरळ केली आणि कुलपात खुपसली. दोनदा फिरवली. तिसऱ्यांदा जोर लावला. कट् असा बारीक आवाज झाला आणि अर्धी पिन काकांच्या बोटांत राहिली.

"झालं समाधान?" बाबा थेट काकांवरच ओरडले. "आता किल्ली सापडली तरी लागणार नाही!"

"तुमच्या टॉर्चचा उजेड कुठे होता?" काकाही थेटच ओरडले.

तेवढ्यात खालून काठीचा आवाज आला. पायरीवर काठी, मग पाऊल, मग आईचं "सावकाश, अण्णा, सावकाश." आत्या धाकटीजवळ येऊन बसली आणि तिने तिचा हात घट्ट धरला.

"काढ ती पिन," ती कुजबुजली. "उघडू नकोस, नुसती काढ. त्यात तुझा कुठला नियम मोडतो? त्यांना कळलं तर काय वाटेल, सांग बरं? पोरांनी माझ्यामागे कपाट फोडायला घेतलं असं वाटेल. मी पाया पडते तुझ्या."

पिन काढणं म्हणजे उघडणं नव्हे, हे खरंच होतं. आत्याच्या पर्समध्ये चिमटा असायचा; त्याने आजोबा वरच्या पायरीला पोचायच्या आत काम झालं असतं. पण मग कुलपाला कुणाचा हात लागलाच नव्हता, असं झालं असतं, आणि ते तसं करून देणारी ती असती. धाकटीला आत्याची इतकी कीव आली, की क्षणभर वाटलं, द्यावी काढून. तिने आपला हात हळूच सोडवून घेतला.

आजोबा दारात आले. नवी कवळी तोंडात मावत नसल्यासारखे ओठ त्यांनी आवळले होते. "कशी दिसते?" त्यांनी विचारलं. मागून आई पिशवी सावरत आत आली आणि सगळ्यांचे चेहरे पाहून जागीच थांबली.

"आजोबा," धाकटी म्हणाली, "कपाटाच्या कुलपात पिन तुटलीय. आत अडकलीय. मी काढू का?"

आत्याने डोळे मिटून घेतले. आजोबांनी कपाटाकडे पाहिलं. दारावरून तेलाचा ओघळ खाली आला होता.

"पिन आपोआप गेली आत?"

"नाही."

"कोणी घातली?"

"ते मला विचारू नका. मी फक्त कुलपाचं सांगतेय."

बाबांनी घसा खाकरला. "उघडायचं मीच म्हटलं होतं, अण्णा."

"मी म्हटलं होतं," आत्या म्हणाली.

काका अर्धी पिन हातात घेऊन उभे होते. ती खिशात टाकावी की कसं, याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. शेवटी त्यांनी हात पुढे केला. "पिन माझ्या हातची," ते म्हणाले.

"तुम्हाला सगळंच येतं, जावईबापू," आजोबा म्हणाले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मग धाकटीकडे वळले. "पिन काढता येते म्हणतेस, मग तू का नाही उघडलंस? हे म्हणाले असतील तुला."

"म्हणाले. पण तुम्ही नव्हता."

आजोबांनी मान डोलावली. "काढ पिन," ते म्हणाले.

धाकटीने आत्याकडे चिमटा मागितला. आत्याने पर्समधून काढून दिला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. धाकटीने फडक्याचं टोक पिळून आतलं तेल आधी टिपून घेतलं. मग सामान बांधायच्या तारेचा तुकडा वाकवून पिनेच्या खालून घातला आणि पिन हलकेच वर उचलली, कारण नुसती चिमट्याने धरायला गेली असती तर ती आणखी आत सरकली असती. बाबांनी टॉर्च लावला. या वेळी उजेड बरोबर कुलपावर होता. चिमट्याच्या टोकाला पिन लागली, सुटली, पुन्हा लागली आणि बाहेर आली. धाकटीने ती आजोबांच्या तळहातावर ठेवली.

"उघडायचं आहे का, आजोबा?" तिने विचारलं. हे विचारायलाच हवं होतं.

"येईल उघडता?"

"येईल."

"मग नको." आजोबा गाठोड्यावर बसले. कवळीमुळे एकेक शब्द त्यांना सांभाळून बाहेर काढावा लागत होता. "किल्ली हरवलेली नाही. मी शोधली नाही, एवढंच. दवाखान्यात जायच्या दिवशी तिने स्वतः कुलूप लावलं. म्हणाली, आत फार पसारा आहे, आल्यावर आवरते. मी हे उघडलं तर ती येणार नाही हे मला मान्य करावं लागेल. मला माहीत आहे ती येणार नाही. पण मला ते मान्य करायचं नाहीये."

आत्या तोंडावर पदर घेऊन रडू लागली. "मला आधी का नाही सांगितलंत, अण्णा?"

"तू विचारलं नाहीस. तू फक्त आवरायला आलीस."

"कपाट जिन्यातून उतरत नाही," बाबा खालच्या आवाजात म्हणाले.

"मग गॅलरीतून दोराने उतरवा. बंदच."

आई इतका वेळ दारात होती. तिने पिशवी खाली ठेवली. "मला एक कळू दे," ती म्हणाली. "हिला हे सगळं कुठून येतं?"

बाबांनी सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं, आणि त्यांनी ते मुद्दाम कडू केलं नाही तरी ते कडूच लागलं.

"मी रोज डबा भरून देते," आई शेवटी धाकटीला म्हणाली. "कुठे बसून खायचीस?"

"दुकानातल्या फळीवर."

"हात धुवायला पाणी असतं तिथे?"

"असतं."

आईने मान हलवली आणि तोंड फिरवलं. "मला आत्ता काही विचारू नका कुणी. मला रडूही येत नाहीये आणि रागावताही येत नाहीये."

"परवा कोण जातंय मग त्या दुकानात?" आजोबांनी विचारलं. जबानीची गोष्ट बाबांच्या सांगण्यात येऊन गेली होती. आत्या नाक पुसत खिडकीबाहेर बघत होती. आजोबांनी हातातली पिन खाली ठेवली. "मी गेलो असतो, बाळ. पण 'माझ्या घराची किल्ली देईन' असं म्हणायचं ना? उद्या दुपारनंतर माझ्या घराची किल्लीच माझ्याकडे नसणार. खोटं कसं बोलू?"

धाकटीने मान हलवली. म्हणजे संपलं. उद्या सामान हलवायचं आणि परवा दुकानात जाऊन उस्तादांना सांगायचं, की कुणी आलं नाही. फळीवरची आपली कानस आपल्याच हाताने खिळ्याला अडकवून परत यायचं.

"मी येतो," काका म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. आत्या तर रडायचीच थांबली. "तुम्ही?"

"का, मला बोलता येत नाही?" काकांचे कान लाल झाले होते. "या पोरीने मला सासऱ्यासमोर तोंडघशी पाडलं. तू तिच्या पाया पडलीस तरी ती बधली नाही. बापाने लालूच दाखवली, तरी नाही. अशा मुलीच्या हातात किल्ली नाही द्यायची तर कुणाच्या द्यायची? माझ्या घराची देतो मी. मी जाऊन सांगतो त्या उस्तादला. कुलपाच्या दोन गोष्टीही सांगून येतो, जाता जाता."

"बस!" बाबा गरजले.

ते इतक्या जोरात गरजले, की आजोबांची काठी घसरून पडली. बाबा काकांसमोर येऊन उभे राहिले. टॉर्च अजून हातात जळतच होता. "माझ्या मुलीसाठी तुम्ही जबान देणार? तुम्ही? तिचा बाप मेलाय का?"

"बाप नाही म्हणाला होता," काका म्हणाले.

"बाप काय म्हणाला ते बापाला माहीत आहे! परवा दुकान उघडायच्या आधी मी तिथे उभा असेन. तुम्ही त्या गल्लीत फिरकायचं नाही, सांगून ठेवतो."

"बाबा," धाकटी म्हणाली, "नुसतं काकांवरच्या रागाने आलात तर नको. उस्ताद डोळ्यांत बघून विचारतात."

बाबा तिच्याकडे वळले. त्यांचे डोळे ओले झाले होते आणि त्याचाही त्यांना राग आला होता.

"विचारू देत," ते म्हणाले. "हिच्या हाती माझ्या घराची किल्ली देईन, असं मी त्यांच्या तोंडावर सांगेन, कारण ते खरं आहे. बोलणार मात्र नाही तुझ्याशी. इतक्यात तरी नाही."